अडलेली तबकडी

दसरा उलटला की आईचा फोन येतो. तब्येत कशी, शाळा कशी, असलं काही ती विचारत नाही. "कापूस फुटला. आइतवारी सीतादही हाय. येजो," एवढं बोलून ती फोन ठेवून देते. यंदाही तसाच आला. मी अमरावतीला शाळेत, स्टाफरूममध्ये, सहामाहीच्या विज्ञानाच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन बसले होते. फोन ठेवला आणि नाकाशी आंबट दह्याचा नि ओल्या हळदीचा वास आला. त्याच्या पाठोपाठ आणखी एक वास आला. कुणाला सांगितलं तर हसतील, पण तो तापलेल्या कॉम्प्युटरचा होता. माझ्या मनात गेली कितीतरी वर्षं हे दोन वास एकमेकांना चिकटून बसले आहेत, आणि ते वेगळे करावेत असं मलाही वाटलेलं नाही.

सीतादही म्हणजे काय, हे आमच्या तेल्हाऱ्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. कापसाच्या पहिल्या वेचणीच्या दिवशी घरची बाई शेतात जाते. एका चांगल्या झाडाच्या बुडाशी काळी माती हातानं सारखी करते, तिथे पाच-सात खडे मांडते, त्यांना हळदकुंकू लावते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते आणि मग पहिलं बोंड वेचते. तोवर मजूर बायांनी कमरेला कापूस भरायची ओटी बांधून नुसतं उभं राहायचं. कुणी बोंडाला हात लावायचा नाही. लहानपणी मला त्या खोळंब्याचा कंटाळा यायचा. आता वाटतं, वर्षभरात आईसाठी कुणी थांबत असेल तर ती तेवढीच वेळ होती.

एका वर्षी मी त्या सीतादहीचं शूटिंग केलं. स्नेहसंमेलनासाठी शाळेनं घेतलेला हँडीकॅम माझ्याकडे होता आणि तो चालवून पाहायला निमित्त हवं होतं. बारा मिनिटांचं शूटिंग. त्यात आभाळ फार आहे, कारण माझा हात सारखा वर जात होता. आई हिरव्या लुगड्यात खाली वाकलेली आहे, वाऱ्यानं तिची काडी तीनदा विझते. बाया गाणं म्हणता म्हणता थांबतात, हसतात, पुन्हा धरतात. आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बाबा. ते बोलतायत. बाबा कधी बोलत नव्हते असं मला आठवतच नाही. त्यांची हाक तिसऱ्या शेतात ऐकू जायची. बैलांशी बोलायचे, रेडिओशी वाद घालायचे, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाचं गाव येईपर्यंत त्याच्या तीन पिढ्या विचारून घ्यायचे. शूटिंगच्या शेवटाकडे आई उठून बोंडाकडे जाते, दोनचार बाया वाटेत उभ्या असतात, आणि बाबा हात उंच करून ओरडतात, "सरका वो बाया. पहिलं बोंड वेचू द्या माह्या मालकिनीले." बाया खिदळतात. आई मागे वळून "काहीतरीच तुमचं" म्हणते आणि पदर तोंडाला लावते. सातबाऱ्यावर नाव बाबांचं होतं. मालकीण हा शब्द त्यांनी घरात कधी वापरल्याचं मी ऐकलं नव्हतं. शेतातही वर्षातून एकदाच, त्या एका वाक्यात.

ते शूटिंग मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. कॅसेट शाळेला परत गेली आणि तिच्यावर पुढच्या वर्षीचं स्नेहसंमेलन चढलं. माझ्याकडे उरली ती फाईल. ती उघडूनही पाहिली नाही मी वर्षभर. आपलं माणूस बोलतं आहे तोवर त्याचा आवाज कोण जपून ठेवतं?

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी बाबांना अर्धांगाचा झटका आला. अकोल्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढले. पाय परत आला, काठी टेकत ते चालायला लागले. हातही थोडा आला. शब्द आले नाहीत. वाचेचे उपचार करणाऱ्या मॅडम अकोल्यालाच बसायच्या. त्यांनी मला आणि आईला समोर बसवून सांगितलं, "यांना सगळं समजतं. शब्द आत आहेत, फक्त बाहेर यायची वाट बंद आहे. घरातलं ओळखीचं बोलणं, गाणी, त्यांचा स्वतःचा आवाज, जे मिळेल ते ऐकवा आणि त्यांना बरोबर म्हणायला लावा. पण आत्ता. पहिले काही महिने फार महत्त्वाचे असतात." मी वहीत लिहून घेतलं. आईनं मानेनं हो म्हटलं. बाबा खिडकीबाहेर पाहत होते.

घरी आल्यावर त्यांनी एकदाच प्रयत्न केला. आईला काहीतरी सांगायचं होतं. तोंडातून जे निघालं ते त्यांनी स्वतः ऐकलं, आणि त्यानंतर त्यांनी तोंड मिटलं. वाकडं बोलण्यापेक्षा न बोलणं त्यांनी पसंत केलं. आम्ही "बाबा, म्हना, पा-नी" म्हटलं की ते भिंतीकडे तोंड करायचे. ज्या माणसानं साऱ्या पंचक्रोशीला बोलून हैराण केलं, तो पलंगावर बसून डाव्या हातात रिमोट धरून दिवसभर टीव्ही बघायचा. बाहेर कापूस फुटत होता. मला राग यायचा. त्यांचा नाही, त्या मिटलेल्या तोंडाचा. मी ठरवलं, हे तोंड उघडायचं. तेव्हाच मला ती फाईल आठवली.

बाबा टीव्हीसमोरून हलत नव्हते, तेव्हा बाबांचा आवाज टीव्हीवरच यायला हवा होता. टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर होता, मीच अकोल्याहून आणून दिलेला, कीर्तनाच्या डिस्क बघायला. मला वाटलं, त्यात काय, फाईल डिस्कवर घालायची आणि लावायची. शनिवारची शाळा सुटल्यावर दर्यापूर, अकोट करत मी तेल्हाऱ्याला पोचले, डिस्क आत सरकवली. प्लेअरनं थोडी घरघर केली आणि टीव्हीवर इंग्रजीत उमटलं की ही डिस्क वाचता येत नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग रिमोटनं बातम्या लावल्या.

तिथून माझी सहा आठवड्यांची लढाई सुरू झाली. अमरावतीला माझ्याकडे कॉम्प्युटर होता, पण प्लेअर नव्हता. तेल्हाऱ्याला प्लेअर होता, पण कॉम्प्युटर नव्हता. म्हणजे एक प्रयोग करायचा आणि निकाल कळायला शनिवारची वाट पाहायची. फाईल प्लेअरला समजेल अशा रूपात बदलायला माझा कॉम्प्युटर चार तास घ्यायचा, आणि त्या काळात भारनियमन असायचं. सकाळी शाळेत जाताना लावून जायचे आणि परत येऊन पाहावं तर वीज जाऊन सगळं अर्ध्यावर तुटलेलं. मग मी भारनियमनाचं वेळापत्रक स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलं आणि वीज नक्की असेल ते चार तास धरून बसायला लागले. मुलांना मी शिकवते, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर चूक कुठे होती ते कळत नाही. तसंच केलं. वहीत प्रत्येक शनिवारचं लिहून ठेवलं.

दुसऱ्या शनिवारी चित्र आलं, पण काळंपांढरं आणि खालून वर सरकत राहिलेलं. मी घाईत अमेरिकेतल्या टीव्हीची पद्धत निवडली होती, हे मागाहून कळलं. तिसऱ्या शनिवारी चित्र रंगीत आलं आणि मी टाळी वाजवली. मग लक्षात आलं की आवाज मागे पडतो आहे. सुरुवातीला थोडासा, शेवटाकडे चांगलाच. धुऱ्यावरचे बाबा तोंड हलवतात, गप्प होतात, आणि त्यानंतर त्यांचे शब्द येतात. पलंगावरच्या बाबांनी ते पाहिलं आणि उठून, काठी टेकत, अंगणात निघून गेले. त्या डिस्कवर त्यांचीच अवस्था मी त्यांना दाखवली होती. इतकं वाईट मला दवाखान्यातही वाटलं नव्हतं.

आई फुकट गेलेल्या डिस्क उचलून ठेवायची. तिनं त्यांच्या भोकांतून सुतळी ओवली आणि घरामागच्या ज्वारीच्या वावरात बांबूंना बांधून टाकल्या. वाऱ्यानं त्या फिरायच्या, उन्हात चमकायच्या. "तुह्या तबकड्याईनं पाखरं तं भेतात," ती म्हणाली. तिला मला चिडवायचं नव्हतं, ती खरंच समाधानी होती. पण मला ते बोलणं लागलं. दर शनिवारी बसमधून उतरून चालत येताना ज्वारीवर माझी एकेक चूक चमकताना दिसायची.

चौथा आणि पाचवा शनिवारही असाच गेला. शेवटी अकोल्याला मॅडमकडे गेले त्या दिवशी मी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या गजाननभाऊंच्या दुकानात शिरले. लहानसं दुकान, भिंतीवर नवरानवरींचे फोटो, कोपऱ्यात हार घातलेला जुना कॅमेरा. त्यांनी माझी वही वाचली. पान उलटून पुन्हा वाचली. मग म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटर शायना हाय. त्याले काईबी द्या, तो समजून घेते. प्लेअर बिचारा अडानी. त्याले एकच पाढा येते. तुमी त्याले तुमचा पाढा शिकवून राह्यल्या, तो कसा शिकन? त्याच्याच पाढ्यात बोला."

तो पाढा त्यांनी मला लिहून दिला. चित्राची लांबीरुंदी नेमकी इतकी. एका सेकंदाला पंचवीसच चित्रं. आवाजाचं माप प्लेअरला लागतं तेच. फाईल अमुक नावाच्या फोल्डरमध्येच. डिस्क लिहून झाली की ती शेवटी बंद करायची, उघडी सोडायची नाही. आणि सगळ्यात शेवटी, खाली रेघ मारून, राईट करताना वेग सगळ्यात कमी ठेवायचा. "घाईनं लिवलेली डिस्क कॉम्प्युटरवर चालते," ते म्हणाले, "पन गरिबाच्या प्लेअरवर अडखळते. लय लग्नं अशीच खराब झाली आमची." मी विचारलं, एवढं सगळं तुम्हाला कुणी शिकवलं? "लोकाईच्या शिव्याईनं," ते शांतपणे म्हणाले.

परतीच्या गाडीत, मूर्तिजापूर येईपर्यंत, मी त्या कागदाकडे पाहत होते. त्याच्याच पाढ्यात बोला. बाबांना आम्ही कुठल्या पाढ्यात बोलायला लावत होतो, पा-नी, भा-त, बालवाडीतल्या पोरासारखं? पण तेव्हा मला तो विचार पुढे न्यायला वेळ नव्हता. मला डिस्क करायची होती.

सहाव्या शनिवारची डिस्क मी जशी केली तशी मी आजवर परीक्षेची प्रश्नपत्रिकाही काढलेली नाही. एकेक गोष्ट कागदाशी ताडून पाहिली. वरच्या बाजूला मार्करनं सुबक अक्षरात लिहिलं, "बाबा". एसटीत ती मांडीवरच्या पर्समध्ये होती आणि पर्सवर माझे दोन्ही हात होते.

घरी पोचले, डिस्क आईच्या हातात दिली आणि हातपाय धुवायला गेले. परत आले तेव्हा ती देव्हाऱ्यासमोर पितळी ताटात ठेवलेली होती, अक्षरांची बाजू वर. उचलली आणि तशीच प्लेअरमध्ये सरकवली. खालच्या बाजूकडे पाहायचं काही कारणच नव्हतं.

चाललं. रंग बरोबर, आवाज ओठांवर. आईची काडी तीनदा विझली. बायांनी गाणं धरलं. बाबांनी रिमोट पलंगावर ठेवला, गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा. धुऱ्यावरच्या बाबांचं पहिलं वाक्य आलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "बाबा, तुमी बी म्हना ना त्याच्यासंगं." त्यांनी ओठ आणखी घट्ट केले. डोळे भरले होते, पण ओठ नाही म्हणजे नाही. मला कळून चुकलं की डिस्क चालली तरी मी हरणार आहे.

मग ते वाक्य आलं. टीव्हीवरच्या बाबांनी हात उंच केला. "सरका वो बाया. पहिलं बोंड वेचू द्या माह्या" आणि चित्र थांबलं. उघडं तोंड, वर गेलेला हात. प्लेअर घरघरला, थोडा मागे गेला आणि पुन्हा लागला. "पहिलं बोंड वेचू द्या माह्या" आणि पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच. सहा आठवडे, ती वही, तो पाढा, आणि शेवटी अडकायचं ते नेमकं इथे. मी प्लग उपसायला उठले.

"मालकिनीले."

मी प्लगवर हात ठेवून टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीवरचे बाबा अजून तोंड उघडून उभे होते. मग मी मागे वळले. बाबा पलंगाच्या कडेला आले होते. डावा हात पुढे करून टीव्हीकडे असे बघत होते, जसे एखादा माणूस बोलता बोलता थांबला की त्याच्यावर वैतागायचे. "मा...लकिनीले," ते पुन्हा म्हणाले. शब्द जड होता, पहिलं अक्षर तोंडात घोळलं होतं, शेवट घसरला होता. तरी तो अख्खा होता.

आई दारात उभी होती, हातात तेच पितळी ताट. ती पुढे आली नाही. "आयकून राह्यली मी," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. मला तिथेच खाली बसून रडायचं होतं आणि मी रडले.

डिस्क बाहेर काढून उलटी केली तेव्हा दिसलं. मधल्या भोकाजवळ, चकचकीत अंगावर, हळदीचं बोट आणि त्यावर कुंकवाचं बोट. घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूला ते लागतं. शिवणयंत्राला लागलं होतं, फ्रीजला लागलं होतं, माझ्या बीएडच्या सर्टिफिकेटच्या फ्रेमलाही. बारा मिनिटांचं शूटिंग डिस्कच्या आतल्या कडेलाच मावतं, आणि आईचं बोट नेमकं तिथे टेकलं होतं. सवयीनं मी ओढणीचं टोक घेतलं.

"पुसू नको," आई म्हणाली. मग थोडी ओशाळून, "वरून अक्षर होतं. अक्षरावर कुकू कसं लावू? मंग उजळ अंगाले लावलं."

याला मी चमत्कार म्हणायला तेव्हाही तयार नव्हते, आजही नाही. बोट दोन मिलिमीटर इकडेतिकडे पडलं असतं तर डिस्क आभाळावर अडकली असती. आणि आधीचे पाच शनिवार नसते तर अडकायला काही चाललंच नसतं. पण एक गोष्ट मला मान्य करावी लागली. मी सहा आठवडे त्या बारा मिनिटांतला प्रत्येक अडथळा काढत होते, आणि त्यामुळे बाबांना करायला काही उरतच नव्हतं. त्यांना सांगितलेलं म्हणायचं नव्हतं. त्यांना कुणाचं तरी चुकलेलं, राहिलेलं पुरं करायचं होतं. तो त्यांचा पाढा.

सोमवारी मी अमरावतीला परतले ते मनाशी पक्कं करूनच. तीच फाईल उघडली आणि या वेळी वाक्यं मुद्दाम शेवटच्या शब्दाआधी तोडली. मध्ये शांतता ठेवली, दहा मोजेपर्यंत. मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या, हेच करा. भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवरच होतं, कागदावरचा पाढा आता पाठ झाला होता. त्या हिवाळ्यात दर शनिवारी एक डिस्क तेल्हाऱ्याला गेली आणि एकही ज्वारीत लटकली नाही. दही आलं, भात आला, आइतवार आला. काही शब्द कधीच आले नाहीत. माझं नाव यायला फाल्गुन उजाडला, आणि तेही अर्धंच. तेव्हापासून ते मला त्या अर्ध्या नावानंच हाक मारतात.

तो प्लेअर केव्हाच भंगारात गेला. आता हातातला फोन कुठलीही फाईल मुकाट्यानं चालवतो, त्याला कुठला पाढा लागत नाही. हळदीकुंकवाची तबकडी देव्हाऱ्यात देवांच्या मागे उभी आहे. ती लावायला घरात यंत्र नाही आणि लावावी असं कुणाच्या मनातही येत नाही.

यंदाच्या आइतवारी शेतात गेलो तेव्हा आईचे गुडघे पार गेलेले. खडे मांडले तिनंच, पण प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, मी हातात देत गेले तसे. दहीभात झाला. मग ती मला म्हणाली, "माह्याच्यानं वाकनं होत नाई. यंदा पहिलं बोंड तू वेच." मी वाद घातला नाही. ओटी बांधली आणि झाडाकडे निघाले. बाया उभ्या होत्या.

धुऱ्यावर बाबा काठी टेकून उभे होते. दर वर्षी ते हे वाक्य म्हणतात आणि बाया शेवटचा शब्द ओरडून पुरा करतात, ती आता रीतच झाली आहे. त्यांनी काठी काखेत धरली, हात वर केला. "सरका वो... बाया," ते म्हणाले. एकेक शब्द उचलून ठेवत. "पहिलं... बोंड... वेचू द्या... माह्या..." बायांनी तोंडं उघडली. बाबांनी हातानंच त्यांना गप्प केलं. ते खुर्चीकडे पाहत होते.

"मालकिनीले."

आईनं खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर हात रोवले आणि ती उठायला लागली. मी सरकले.